सातपुड्याची रेघ : नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार यांस,



मी शहादा तालुक्यातल्या कळसाडीचा. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता निवृत्त झालोय, घरची थोडी शेती बघतो. हे पत्र सातपुड्याबद्दल आहे, म्हणजे सातपुडा दिसतो कसा त्याबद्दल. आपल्यासमोर पाण्याचे, कुपोषणाचे, रस्त्यांचे विषय पडलेले असताना दिसण्याचं काय घेऊन बसलाय, असं वाटेल. तरी पूर्ण वाचावं ही विनंती. जिल्ह्यात पर्यटन वाढवायचं असं सगळेच म्हणतात, त्यात तोरणमाळच्या पठाराचं नाव पहिलं येतं, आणि खोल्या किती, गाड्या किती, रोजगार किती हे हिशेब मांडले जातात. जे बांधलं जाईल ते कुणाला, कुठून, कसं दिसेल, हा प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. संध्याकाळी धाब्यावर चढून उत्तरेकडे तोंड करून बसायचं, ही वडिलांची सवय मला लागली. समोर कपाशी नाहीतर पपई, तिच्या पलीकडे बांधावरचे निंब आणि बाभळी, आणि त्यांच्या डोक्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपुडा. त्याला टोकदार शिखरं फारशी नाहीत. काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले, त्यामुळे वरची कड लांबच लांब सपाट जाते, मधेच एक पायरी उतरते, पुन्हा सपाट होते. पहिल्या पावसाने हवा धुतली की हा डोंगर इतका जवळ येतो की त्याच्या घळी मोजाव्यात. मार्च-एप्रिलच्या रात्री कधीकधी वणव्याची लाल नागमोडी माळ त्याच्या अंगावर सरकताना दिसते. आमच्याकडे पावसाचा अंदाज, थंडीचा अंदाज, दिशा, सगळं या एका रेघेवरून काढतात.

शाळेत मी ‘आमचा डोंगर’ हा विषय दरवर्षी द्यायचो. गावातली मुलं वहीत दोन त्रिकोण काढून मधून उगवता सूर्य दाखवायची, कारण पुस्तकात तसंच असतं. मग मी त्यांना शाळेच्या गच्चीवर न्यायचो आणि म्हणायचो, आता कागदाकडे न बघता हात चालवा. दहा मिनिटांत कागदावर ती लांब सपाट रेघ आणि तिची पायरी उतरलेली असायची. पण एका वर्षी आश्रमशाळेतून आलेली, वरच्या पाड्यांवरची सहा-सात मुलं वर्गात होती. त्यांच्या चित्रांत ही रेघच नव्हती. कागदभर पायवाट, उतारावरचं शेत, शेतात एकटं घर, त्याच्या बांबूच्या कुडाच्या भिंतीवरची माती, नळीची कौलं, दारात मोहाचं झाड, खाली नाल्यावर पाणी भरणारी बाई. मी एकाला विचारलं, डोंगर कुठाय? तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने आख्खा डोंगरच काढला होता, आतून.

साहेब, मला जे सांगायचं आहे ते या दोन प्रकारच्या चित्रांत आहे. आम्हाला खालून डोंगराची कड दिसते, वरच्या माणसाला डोंगर म्हणजे घर, शेत, वाट. पर्यटनाचं बांधकाम या दोन्हींवर परिणाम करतं, आणि ते दोन परिणाम वेगवेगळे मोजावे लागतात. ही माझी कल्पना नाही. ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूट आणि पर्यावरण मूल्यमापनाचं काम करणाऱ्यांची संस्था यांनी मिळून भूदृश्यावरच्या परिणामांचं मूल्यमापन कसं करावं याची मार्गदर्शिकाच केली आहे, तिची तिसरी आवृत्ती २०१३ सालची. तिच्यात जमिनीच्या स्वरूपात होणारा बदल एका बाजूला आणि बघणाऱ्या माणसांच्या दृश्यात होणारा बदल दुसऱ्या बाजूला ठेवला आहे. उतार कापला, झाडं गेली, विखुरलेल्या घरांच्या जागी एका रांगेत वीस कॉटेज आली, हा पहिला बदल. तो कुणी बघो न बघो, झालेलाच असतो. दुसरा बदल बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतो. रोज तिथून जाणारी बाई, वर्षातून एकदा येणारा भाविक आणि दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा यांच्या बघण्याला त्या पद्धतीत सारखं वजन नसतं. जो तिथे राहतो, जो ते दृश्य रोज जगतो, त्याचं वजन जास्त धरतात. आपल्याकडे प्रकल्पाची चित्रं पाहुण्याच्या खोलीच्या खिडकीतून काढलेली असतात.

युरोपातल्या देशांनी २००० साली फ्लॉरेन्समध्ये भूदृश्यांबद्दल एक करार केला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. करार सुंदर ठिकाणांपुरता नाही. रोजची, साधी, अगदी खराब झालेली जमीनसुद्धा त्यात येते, आणि भूदृश्य म्हणजे लोकांना जसा जाणवतो तसा मुलूख, असं तिथे धरलं आहे. या न्यायाने कळसाडीचं शिवारही मोजणीत येतं. इथे धबधबा नाही, लेणी नाहीत, पर्यटनाच्या नकाशावर आमचं नाव नाही. पण सातपुड्याच्या कडेवर काहीही उभं राहिलं तर ते आमच्या दारातून दिसणार, प्रकाशा गावापर्यंतच्या तापीकाठच्या गावांना दिसणार. दिसण्याला ग्रामपंचायतीची हद्द नसते.

किती दिसणार, याचा थोडा हिशेब करतो. माणसाचा निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखतो. वीस किलोमीटरवरून हे अंतर जेमतेम सहा मीटर भरतं. म्हणजे कडेवर सहा मीटर रुंदीची इमारत असेल तर ती आम्हाला एका ठिपक्याएवढी दिसेल, एवढंच. बांधणारा म्हणेल, मग अडचण काय? अडचण रंगाची आणि उजेडाची आहे. मातीच्या कौलाचं छप्पर तेवढ्याच आकाराचं असूनही डोंगरात मुरून जातं, कारण त्याचा रंग डोंगराचाच असतो. चकचकीत पत्रा मात्र उन्हाची तिरीप पकडतो आणि कितीतरी पट मोठा होऊन लखलखतो. रात्रीचा दिवा तर त्याहून लहान असला तरी अंधारात सगळ्यात आधी तोच दिसतो. जवळचं उदाहरण साक्री तालुक्यातलं आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या झाल्या तेव्हापासून त्या बाजूचं क्षितिज पूर्वीचं राहिलेलं नाही. रात्री लाल दिवे लुकलुकतात. त्या विजेसाठी आहेत आणि वीज आम्हाला हवी आहे, म्हणून मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. पण एवढ्या लांबून दिसणारी वस्तू उभी करताना लांबच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, आणि हीच पद्धत आता पर्यटनातही चालू राहील अशी मला भीती वाटते.

एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याकडे एका ठिकाणी जेवणाखाण्याची, मुक्कामाची सोय झाली. कुणाची, कुठे, ते सांगत नाही, कारण त्या माणसाने बेकायदा काहीच केलं नसेल. निळ्या पत्र्याची मोठी शेड, आणि दिव्यांच्या खांबावर चार फ्लडलाइट, आकाशाकडे तोंड केलेले. शेजारची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे चित्र काढायला येते. मी तिला संध्याकाळी गच्चीवर बसवलं आणि नेहमीसारखं म्हटलं, डोंगर काढ. इतक्या वर्षांत गच्चीवर बसवलेल्या गावातल्या प्रत्येक मुलाने रेघेपासून सुरुवात केली होती. तिने आधी कागदाच्या मधोमध एक पांढरा ठिपका काढला, त्याच्याभोवती किरणं काढली, आणि मग त्याच्यामागे डोंगर बसवला. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, हेच तर आधी दिसतं आजोबा.

तोरणमाळला मी अनेकदा गेलो आहे. साडेअकराशे मीटरच्या आसपासचं पठार, सातपायरी घाटातून चढून वर गेलं की एकदम मोकळं होणारं. सीताखाईच्या काठावर उभं राहिलं की पायाखालचा डोंगर तुटतो. गोरखनाथाच्या यात्रेला महाशिवरात्रीला मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही माणसं येतात. पण मला तिथे सगळ्यात नाजूक वाटतो तो यशवंत तलाव. नाजूक एवढ्यासाठी की त्याच्या भोवतीच्या टेकड्या बुटक्या आहेत आणि पाणी मोठं आहे. उंच कड्याच्या पायथ्याशी तीन मजली इमारत झाली तर कडा तिला गिळून टाकतो. इथे काठावर दोन मजले चढले तरी ते टेकडीच्या बरोबरीला येतील, आणि वारा पडला की पाण्यात उलटे पुन्हा दिसतील. चित्रं काढणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. नकाशावर पिवळा-तांबडा रंग भरून जागा ठरवणाऱ्याला कळेलच असं नाही, कारण नकाशाला उंची नसते आणि प्रतिबिंबही नसतं.

याच सातपुड्यात, पूर्वेला अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला सिडकोने ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक दोन कड्यांच्या मधे घेतला. शेजारी मेळघाटचं वाघांचं जंगल. परवानग्यांच्या प्रश्नाने ते काम खूप रखडलं. पलीकडे नर्मदेच्या काठावर, गुजरातमध्ये, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, आणि आमच्या भागातून गाड्या भरून माणसं तो बघायला जातात. तिथून परत आलेला प्रत्येक जण म्हणतो, आपल्याकडेही असं काहीतरी पाहिजे. ही इच्छा मी हलकी मानत नाही. वरच्या पाड्यांवरची कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात, पोरं शाळा सोडून बरोबर जातात. घराशेजारी चार पैसे मिळत असतील तर ते मिळायलाच हवेत. पाड्यावर रस्ता, वीज, मोबाइलचा टॉवर हवा, आणि डोंगरावर तो टॉवर दिसला तरी माझी हरकत नाही, कारण बाळंतपणाच्या वेळी रुग्णवाहिका त्याच्यामुळे येणार आहे. काचेच्या पुलासाठी मात्र ती कड मोडायला माझं मन होत नाही. दोन्ही वस्तू सारख्याच उंच असल्या तरी त्यांची गरज सारखी नाही, आणि मूल्यमापन करताना ही गरजही तराजूत घालावी लागेल.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. वीस कॉटेज, एक भोजनगृह, एक पोहण्याचा तलाव हे सगळं मिळून त्याच्या जवळपासही पोचत नाही. प्रकल्प लहान म्हणून सुटतो, आणि तसे दहा लहान प्रकल्प एका कडेवर बसले की कोणत्याच फायलीत त्यांची बेरीज होत नाही. माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल पश्चिम घाटाबद्दल होता आणि त्याची उत्तरेची हद्द तापी. सातपुडा तापीच्या पलीकडे, त्यामुळे सह्याद्रीबद्दल महाराष्ट्रात जेवढं भांडण झालं, निदान बोललं गेलं, तेवढंही आमच्या वाट्याला आलं नाही. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ साली आणि माथेरानला २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोपर्यंत तिथे बरंच काही बांधून झालं होतं. तोरणमाळवर अजून बरंच बांधायचं बाकी आहे, म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय.

पर्यटन आमच्या जिल्ह्याला नवं आहे असं समजू नये. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा कितीतरी पिढ्या भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोड्यांचा बाजार, तापीच्या काठावर तंबू, पाल, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, आता चेतक फेस्टिव्हल. लाखाच्या वर माणूस येतो. आणि यात्रा उठली की महिन्याभरात तिथे पुन्हा नदीकाठ असतो. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर तरुण पोरं रात्री मशाली आणि बॅटऱ्या घेऊन चढतात. वर हॉटेल नाही, रोपवे नाही, तरी दरवर्षी जातात, कारण चढून जाण्यातच त्यांचं देवकार्य आहे. काठी गावची राजवाडी होळी एका रात्रीची. हे सगळं येतं आणि जातं, जमिनीवर कायमचं काही ठेवत नाही. नवीन योजना आखताना हा आमचा जुना धडा कुणी विचारात घेईल का? पठारावर हंगामापुरते तंबू, पाड्यावरच्या घरात एक-दोन पाहुण्यांची सोय, २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा फायदा शेतकऱ्याच्या घरालाच मिळेल अशी मांडणी, यांनी पैसा थेट घरात येईल आणि डोंगराची कडही जशीच्या तशी राहील.

आता मागणी. आपण जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आहात, त्यामुळे पर्यटनाची बरीच कामं आपल्या टेबलावरून जातात. स्वित्झर्लंडमध्ये एक पद्धत आहे. नवीन घर बांधायच्या आधी त्या जागेवर खांब उभे करून घराची पूर्ण उंची, रुंदी, छपराचा उतार सगळ्यांना दाखवावा लागतो. लोक जाता-येता बघतात, हरकत असेल तर घेतात, मग परवानगीचा निर्णय होतो. आमच्याकडे बांबू भरपूर आहे आणि तो बांधणारे हातही. तोरणमाळला, किंवा सातपुड्याच्या कडेवर कुठेही, काही बांधायचं ठरलं तर आधी चार कोपऱ्यांवर खऱ्या उंचीचे बांबू उभे करा, त्यांच्यावर पांढरं कापड ताणा, आणि रात्री तेवढ्याच ताकदीचा दिवा लावा. पंधरा दिवस ते तसंच राहू द्या. मग कड्यावरून, तलावाच्या समोरच्या काठावरून, पाड्याच्या अंगणातून आणि खाली आमच्या सपाटीवरच्या काही ठरलेल्या जागांवरून फोटो काढा. खर्च एका उद्‌घाटनाच्या मांडवाहून कमी येईल.

पहिला शब्द वरच्या ग्रामसभेचा असावा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याखालचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. ग्रामसभेला बांबू दिसत असतील तर तिला कागदावरचा नकाशा वाचायची गरज उरणार नाही. आणि एक गट कृपया विसरू नका. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली आली. त्यांतली बरीच कुटुंबं आज तळोदा आणि शहादा तालुक्यांत सपाटीवर वसाहतींमध्ये राहतात. नर्मदेचं ते पसरलेलं पाणी आता नौकाविहाराच्या बोलण्यात ‘निसर्गरम्य’ म्हणून येतं. त्या पाण्याखाली कुणाचं शेत आहे, कुणाच्या आजोबांच्या नावाचा दगड आहे, हे त्या माणसांना माहीत आहे. त्या पाण्यावर काय दिसावं आणि काय दिसू नये, हे ठरवताना त्यांना आधी बोलवावं.

माझ्याकडे जुन्या विद्यार्थ्यांची तीनशेहून जास्त चित्रं जपून ठेवलेली आहेत, बहुतेकांवर तारीख आहे. एकाच गच्चीवरून, एकच रेघ, वेगवेगळ्या वर्षी. पायथ्याला दिवा कधी आला, कडेवर मनोरा कधी उभा राहिला, हे त्यांच्यात सापडेल. आपल्या कचेरीला ती हवी असतील तर मी घेऊन येईन. आपण स्वतः आलात तर जास्त बरं होईल. डिसेंबरात या, आणि सकाळी नऊच्या आत. तेव्हा ऊन पूर्वेकडून तिरपं पडतं आणि डोंगराच्या पायऱ्या एकेक करून उठून दिसतात; त्यानंतर शेतांवरून धुरकट हवा चढते आणि त्या पुसल्या जातात.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
मु. पो. कळसाडी, जि. नंदुरबार